अल्पायुषी क्रांतिकारी सरकारांच्या नोटा : निवड, पारख, जपणूक

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फौजेतल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंका कितीतरी घरांत जपलेल्या आहेत. त्यांतून 'आझाद हिंदची नोट' म्हणून जे बाहेर येतं, ते अनेकदा जपानी नोट निघतं. वर इंग्रजीत 'द जपानीज गव्हर्नमेंट' असं छापलेलं असेल, रक्कम रुपयांत असेल आणि क्रमांकाऐवजी 'बी'ने सुरू होणारी अक्षरं असतील, तर ती जपान्यांनी १९४२ पासून ब्रह्मदेशात चालवलेली नोट. जरूर ठेवा, फक्त पाकिटावर खरं नाव लिहा.

आझाद हिंद सरकार २१ ऑक्टोबर १९४३ला सिंगापुरात स्थापन झालं, त्याची बँक एप्रिल १९४४मध्ये रंगूनला उघडली. या नावाच्या बनावट नोटांचा बाजारात सुळसुळाट आहे. भावनेच्या भरात पहिली खरेदी हीच होते आणि पैसे बुडतात. तिला शेवटी हात घाला.

सुरुवात स्वस्त आणि नीट नोंद झालेल्या मालिकांनी करावी. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राची १९६९ची एक पौंडाची नोट सहज मिळते; क्रमांक न छापलेल्या प्रतीही असतात. रशियात १९१७च्या हंगामी सरकारच्या २० आणि ४० रुबलच्या 'केरेन्की' लहानशा, तारीख-क्रमांक नसलेल्या. त्या ४०-४०च्या तावांत छापत. ताव कापलेला असल्यामुळे कडा वाकड्या असणं हा दोष नाही. हंगेरीतल्या १९१९च्या सोव्हिएत सरकारने जुन्याच एक आणि दोन कोरोनाच्या नोटा पुन्हा छापल्या. नोटेवर साल १९१६ किंवा १९१७च दिसतं, पण मालिका क्रमांक ७००० च्या वर असेल तर ती क्रांतिकाळातली. दुकानदाराला हे ठाऊक नसतं, त्यामुळे ढिगातून निवडायला फार गोडी येते.

फ्रेंच क्रांतीच्या असिन्यांपैकी, म्हणजे तेव्हाच्या कागदी चलनापैकी, १७९२-९३च्या १० ते ५० सूंच्या (सू हे फ्रेंच सुटं नाणं) छोट्या नोटा परवडतात. त्यांवर शाईविना दाबून उठवलेले शिक्के असतात. टॉर्च नोटेच्या बाजूने, अगदी आडवा धरला की ते उठून दिसतात. सुरकुत्या घालवायला कुणी इस्त्री फिरवली असेल तर शिक्का सपाट होतो आणि किंमतही जाते. म्हणून इस्त्री नाही, धुणं नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही.

घेण्याआधी दहापट भिंगाखाली रेषा पाहा. खऱ्या छपाईत रेषा सलग असते; इंकजेटच्या नकलेत रंगीत ठिपके दिसतात. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा झगमगला तर त्यात आधुनिक चकाकीद्रव्य आहे, १७९२ किंवा १९१७च्या कागदात ते नसतं. मात्र कुणी साबणपावडरीत धुतलेली खरी नोटही झगमगते, तेव्हा फक्त यावरून निकाल देऊ नका. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे फोटो आणि 'पिक' क्रमांक (जगभरच्या नोटांच्या सूचीतला क्रमांक) मागा. क्रमांक सांगता येत नसेल तर घाई नको.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस. खानापूरकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलं की आतल्या कागदाला बुरशी येते आणि कसर लागते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. प्रत्येक नोट पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं कालांतराने चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवून २० लिटरला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे, रंग बदलणारे दाणे) कापडी पुरचुंडीत, नोटांना न टेकता ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून, थंड करून परत घाला. डब्यात छोटा आर्द्रतामापक असू द्या. आकडा ४० ते ५५ टक्क्यांच्या मध्ये हवा. ३५च्या खाली गेला तर दाणे कमी करा, कारण फार सुकलेला कागद घडीवर तुटतो.