लुक ॲट, लुक फॉर, वॉच ओव्हर: बघण्याच्या क्रियापदांना कुठलं प्रिपोझिशन लावायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला बसणारी आमची मुलं निबंध चांगले लिहितात, पण 'सी', 'लुक' आणि 'वॉच' आले की प्रिपोझिशन, म्हणजे 'ॲट', 'फॉर', 'टू' असे छोटे शब्द, अंदाजानं टाकतात. वहीत 'सी टू द बोर्ड' सापडतं, 'लुक द फोटो' सापडतं. मुलांचा यात दोष नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि दोन्ही भाषांत प्रत्यय नामाच्या मागं लागतात. 'फोटो बघ' म्हणताना तर तोही लागत नाही. इंग्रजीत तो छोटा शब्द नामाच्या आधी येतो आणि क्रियापदाचा अर्थच फिरवतो. म्हणून मी अर्थांची यादी पाठ करून घेत नाही. नजर कुठं गेली आणि कशासाठी गेली, एवढं आधी विचारायला लावते.

सुरुवात तीन क्रियापदांपासून करा. 'सी' म्हणजे डोळ्याला पडलं, ठरवून बघितलं असं नाही. जांबोटीच्या रस्त्यावर गाडीपुढून गवा गेला तर 'आय सॉ अ बायसन'. मध्ये काही नको. 'वॉच' म्हणजे हलतं, घडतं ते थांबून बघणं: 'वी वॉच्ड द कबड्डी मॅच'. इथंही मध्ये काही नको. 'लुक' मात्र ठरवून नजर वळवणं आहे आणि ज्याच्याकडं वळवली ते सांगायचं असेल तर प्रिपोझिशन लागतंच. नुसतं 'लुक!' चालतं, 'लुक द फोटो' कधीच चालत नाही. 'यू लुक टायर्ड' वेगळं आहे. तिथं दिसणं सांगितलंय, म्हणून विशेषण सरळ येतं. पुढं नाम असेल तर 'लुक लाइक' लागतं: 'शी लुक्स लाइक हर मदर'.

आता 'ॲट'. याचा अर्थ गोफणीच्या नेमासारखा धरा. 'थ्रो द बॉल टू मी' म्हणजे मला झेलता येईल असा दे, आणि 'थ्रो अ स्टोन ॲट द डॉग' म्हणजे नेम धरून मार. नजरेचंही तसंच. 'स्टेअर ॲट' म्हणजे टक लावून बघणं, 'गेझ ॲट' म्हणजे भान हरपून बघत राहणं, 'ग्लेअर ॲट' म्हणजे डोळे वटारणं, 'ग्लान्स ॲट' म्हणजे ओझरती नजर टाकणं. क्रियापद बदललं तरी नेम तोच. घड्याळाकडं नजर टाकली तर 'ग्लान्स ॲट द क्लॉक'. पेपर वरवर चाळला तर नजर पानांतून पुढं सरकते, म्हणून 'ग्लान्स थ्रू द न्यूजपेपर'.

'वॉच'ला सहसा प्रिपोझिशन लागत नाही, पण लागतं तेव्हा अर्थ पूर्ण बदलतो. नववीच्या एका मुलीनं विचारलं होतं, "टीचर, 'वॉच ओव्हर' म्हणजे वरून बघणं का?" तिच्या घरचं भाताचं शेत जंगलाला लागून आहे. पीक तयार होत आलं की रानडुकरं आणि गवे येतात, म्हणून तिचे वडील रात्री शेतातल्या माळ्यावर बसतात. मी तिला त्या माळ्यावरचीच वाक्यं लिहायला सांगितली. वडील पिकाची राखण करतात: 'ही वॉचेस ओव्हर द पॅडी'. हे 'ओव्हर' उंचीपेक्षा जबाबदारीचं आहे, तान्ह्या बाळाजवळ जमिनीवर बसलेली आजीसुद्धा 'वॉचेस ओव्हर द बेबी'. ते डुकरं कधी येतात म्हणून टपून असतात: 'ही वॉचेस फॉर द बोअर्स'. आणि अंधारात बांधावरून कुणी चालत आलं तर ते ओरडून सावध करतात: 'वॉच आउट फॉर स्नेक्स!' पीक, डुक्कर, साप. तिन्हींकडं लक्ष आहे, पण पहिलं जपायचं, दुसऱ्याची चाहूल घ्यायची, तिसऱ्यापासून स्वतःला वाचवायचं. तुमच्या घरातला असाच एक प्रसंग घ्या आणि तिन्ही वाक्यं लिहा. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा हे पक्कं बसतं.

'लुक'चं कुटुंब मोठं आहे, पण नेहमी लागणारे थोडेच. हरवलेलं शोधायचं तर 'लुक फॉर': 'आय ॲम लुकिंग फॉर माय पेन'. पेन समोर असेल तरच 'लुक ॲट'. सांभाळायचं तर 'लुक आफ्टर'. तक्रारीच्या मुळाशी जायचं तर 'लुक इंटू', म्हणून सरकारी पत्रात 'प्लीज लुक इंटू द मॅटर' असतं. डिक्शनरीत शब्द शोधायचा तर 'लुक अप'. राजहंसगडावरून खाली बेळगाव बघितलं तर 'लुक डाउन ॲट द सिटी' म्हणा. माणसाच्या बाबतीत 'लुक डाउन ऑन' म्हणजे त्याला कमी लेखणं, आणि ज्याला मानतो त्याच्यासाठी 'लुक अप टू'.

एक नियम मात्र इथंच पक्का करा, कारण पेपरात याच जागी मार्क जातात. 'लुक अप'मध्ये 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'लुक इट अप'. 'लुक आफ्टर'मध्ये मात्र जोडी फुटत नाही: 'लुक आफ्टर हिम'.

ही जागा किती महत्त्वाची असते ते 'सी थ्रू'मध्ये दिसतं. 'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे त्याचं सोंग मी ओळखलं. 'शी सॉ मी थ्रू' म्हणजे अडचणीच्या काळात ती शेवटपर्यंत माझ्या पाठीशी राहिली. शब्द तेच, माणूस मध्ये गेला आणि अर्थ उलट्या टोकाला पोचला. मला हे इंग्रजीतलं फार सुंदर वाटतं आणि वर्गात मी यावर रेंगाळते.

'सी ऑफ'मध्येही माणूस मध्येच येतो. बेळगाव स्टेशनावर राणी चन्नम्मा एक्सप्रेसला मामाला सोडायला गेलात तर 'वी सॉ हिम ऑफ ॲट द स्टेशन'. कुत्र्यांनी डुकरं पिटाळून लावली तरी तेच क्रियापद: 'द डॉग्ज सॉ द बोअर्स ऑफ'. कोण कुणाला घालवतंय यावरून अर्थ कळतो. 'सी टू' म्हणजे एखादं काम अंगावर घेणं: 'आय विल सी टू द टी'. म्हणूनच 'सी टू द बोर्ड' ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही फळ्याची व्यवस्था बघायला सांगताय.

शेवटी 'लुक फॉरवर्ड टू'. नोकरीच्या अर्जात, पाहुण्यांच्या पत्रात हे लागतंच. यातलं 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढं क्रियापदाला 'आयएनजी' लावा: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'टू मीट' लिहू नका. खात्री करायची असेल तर क्रियापद काढून नाम घालून बघा: 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज' जमतं. नाम जमतं तिथं 'आयएनजी'च येणार.