फोनला उत्तर देणारी आणि निरोप घेणारी संगणकीय यंत्रणा कशी निवडावी

ही यंत्रणा विकत तुम्ही घेता, पण रोज वापरतो तो तुम्हाला फोन करणारा माणूस. माहितीपत्रकातल्या सोयींची लांबलचक यादी वाचताना हे हमखास विसरायला होतं. त्या माणसाच्या अपेक्षा तीनच असतात: फोन लागावा, हव्या त्या व्यक्तीकडे जावा, आणि ती व्यक्ती नसेल तर ठेवलेला निरोप खरोखर तिच्या कानावर पडावा. पुढची प्रत्येक पायरी त्याच्या बाजूने तपासत जा.

पायरी १: आठवडाभर वही ठेवा

काहीही विकत घेण्याआधी फोनशेजारी एक वही ठेवा. फोन किती वाजता आला, किती मिनिटं चालला, कशासाठी होता, कोणी उचलला की तसाच वाजून बंद झाला, एवढंच लिहायचं. आठवड्यानंतर वही चाळली की काही प्रश्न पुन्हापुन्हा दिसतील. "किती वाजेपर्यंत उघडं असतं?" याचं उत्तर रेकॉर्ड करून ठेवता येतं. "माझं काम कुठवर आलं?" याला माणूसच लागतो. तुमचा मेन्यू, म्हणजे "यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा" अशी फोनवर ऐकू येणारी पर्यायांची यादी, या वहीतूनच तयार होणार आहे.

पायरी २: लाइन किती हव्यात ते मोजा

इथे अंदाज सर्वांत जास्त चुकतो, म्हणून जरा थांबून हिशेब करू. समजा, सर्वाधिक गर्दीच्या तासात २० फोन येतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटं चालतो. एकूण बोलणं ६० मिनिटांचं, म्हणजे एका लाइनवर भागायला हवं. पण फोन रांग लावून येत नाहीत. कधी दहा मिनिटं शांतता असते, तर कधी तिघं एकदम. आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये याच प्रश्नासाठी सूत्र मांडलं आणि ते आजही वापरलं जातं. त्यानुसार वरच्या उदाहरणात एकच लाइन असेल तर निम्म्या लोकांना फोन एंगेज लागतो. दोन लाइन घेतल्या तर पाचांतला एक परत जातो, तीन घेतल्या तर सोळांतला एक, आणि चार घेतल्यावर पासष्टांतला एक. निरोप ठेवणारा माणूसही तेवढा वेळ लाइन अडवून असतो, तेव्हा त्याची मिनिटंही हिशेबात धरा.

पायरी ३: यंत्रणा कुठे बसणार ते ठरवा

मार्ग मुख्यतः दोन. पहिला म्हणजे आपल्याच संगणकावर सॉफ्टवेअर चालवणं. ॲस्टेरिस्क हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. मार्क स्पेन्सर यांनी ते १९९९ मध्ये लिहायला घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे, आणि फुकट मिळतं. फ्रीपीबीएक्स या जोड-सॉफ्टवेअरमुळे त्याच्या सेटिंग ब्राउझरमधून करता येतात. दुसरा मार्ग क्लाउडचा: यंत्रणा कंपनीच्या सर्व्हरवर चालते आणि तुम्ही महिन्याचं भाडं भरता.

माझं मत स्पष्ट आहे. ॲस्टेरिस्क ज्यावर चालतं तो लिनक्स सर्व्हर सांभाळणारं, वेळच्या वेळी अपडेट करणारं माणूस हाताशी नसेल, तर पहिल्या मार्गाला जाऊ नका. शिवाय वीज किंवा इंटरनेट गेलं तरी क्लाउडवरची यंत्रणा फोन घेते आणि निरोप साठवते. स्वतःचा संगणक मात्र त्या क्षणी मुका होतो. तरीही तोच हवा असेल तर यूपीएस संगणकाइतकाच राउटरलाही लावा. इंटरनेटवरून एका वेळी चालणारा एक फोन, जी.७११ या आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येक दिशेला साधारण ८० ते ९० किलोबिट प्रति सेकंद वेग घेतो. म्हणून डाउनलोडसोबत अपलोडचा वेगही बघा.

जुनी तांब्याच्या तारेची लाइन जोडणार असाल तर विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: समोरच्याने फोन ठेवला हे यंत्राला कळतं का? कळत नसेल तर निरोपानंतरचा टों-टों आवाज यंत्र कितीतरी वेळ रेकॉर्ड करत बसतं आणि तोवर लाइन अडकून राहते.

पायरी ४: मेन्यू कागदावर लिहून मोठ्याने वाचा

चारपेक्षा जास्त पर्याय देऊ नका. आधी काम सांगा, मग आकडा: "बिलाच्या चौकशीसाठी दोन दाबा." उलट क्रमाने सांगितलं तर काम ऐकेपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला असतो. शून्य दाबल्यावर माणूस भेटावा. रेकॉर्डिंग चालू असतानाच बटण दाबता यावं. रोज फोन करणाऱ्याला पूर्ण स्वागत ऐकायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे.

प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर पाठवतं. उदाहरणार्थ, पाचचे सूर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे असतात. इंटरनेट फोनवर आवाज फार दाबून पाठवला तर हे सूर बिघडतात आणि यंत्राला बटण ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणून बटणाची माहिती आवाजापासून वेगळी पाठवायची पद्धत आहे. तिचं नाव आरएफसी ४७३३. यंत्रणेत ती असल्याची खात्री करा.

पायरी ५: मराठी आकडे ऐकून बघा

ही कसोटी कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. पुष्कळ यंत्रणा "वीस" आणि "सात" अशा सुट्या रेकॉर्डिंग जोडून संख्या बोलतात. मराठीत तसं चालत नाही. सत्तावीस वेगळा, एकोणतीस वेगळा. नव्व्याण्णवपर्यंतची प्रत्येक संख्या स्वतंत्र रेकॉर्ड करावी लागते. "एक नवीन निरोप आहे" आणि "दोन नवीन निरोप आहेत" हा फरकही यंत्राला कळायला हवा. विक्रेत्याला २९, ४९ आणि ७९ बोलून दाखवायला सांगा. उत्तर लगेच मिळेल.

पायरी ६: निरोप पुढे कुठे जातो?

निरोप ईमेलवर ध्वनिफितीच्या रूपात यावा, सोबत वेळ आणि नंबर असावा. जी.७११मध्ये एका मिनिटाचा निरोप ४८० किलोबाइटचा होतो, आवाज जास्त दाबणाऱ्या जीएसएम पद्धतीत सुमारे १००. डिस्क भरण्याची चिंता त्यामुळे नसते; ईमेलचा डबा मात्र भरतो. मी एका ठिकाणी यंत्रणा लावून दिली होती. तिथे निरोप ज्या एकाच पत्त्यावर जात होते तो डबा भरला आणि काही दिवसांचे निरोप कोणीच ऐकले नाहीत. लोक विश्वासाने बोलून ठेवत होते, ही गोष्ट मला आजही टोचते. तेव्हापासून मी दोन पत्ते दिल्याशिवाय यंत्रणा सुरू करत नाही, आणि मूळ प्रत यंत्रणेतही ठेवतो.

दोन सेकंदांपेक्षा छोटे निरोप आपोआप गाळले जावेत, कारण ते बहुधा नुसतं फोन ठेवल्याचे आवाज असतात. फोन कंपनीची स्वतःची व्हॉइसमेल, म्हणजे निरोप ठेवून घेण्याची सोय, चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर निम्मे निरोप तिकडेच पडून राहतील.

पायरी ७: पिन बदला

निरोप ऐकण्यासाठी प्रत्येकाला एक पिन असतो. पुष्कळदा एक्सटेन्शनचा, म्हणजे त्या व्यक्तीच्या फोनचा अंतर्गत नंबर हाच पिन ठेवलेला असतो आणि चोर तोच आधी वापरून बघतात. आत शिरल्यावर ते तुमच्या खर्चाने परदेशी फोन लावतात. सहा आकडी पिन ठेवा, तीन चुकांनंतर खातं बंद होऊ द्या, आणि व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावायची सोय गरज नसेल तर काढून टाका.

पायरी ८: पैसे भरण्याआधी चाचणी

बाहेरून फोन करा. रस्त्यावरच्या गोंगाटातून करा, रात्री करा, दोन फोन एकदम लावा, निरोप अर्ध्यावर सोडून फोन ठेवा, राउटरचा प्लग काढून बघा. मग असे मेन्यू न वापरलेल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला, काहीही न समजावता, फोन करून निरोप ठेवायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. ती कुठे अडखळते ते लिहून घ्या. दुसऱ्या प्रयत्नातही निरोप ठेवता आला नाही तर आधी मेन्यू बदला. तरीही जमलं नाही तर चाचणीची मुदत संपायच्या आत दुसरी यंत्रणा बघायला लागा.