टेस्टच्या दिवशी पाट्या आणि पट्टे कसे वाचावेत

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास. त्यावरून आपल्याला चिन्हं कळतात असं समजू नका. तिथे चिन्ह स्क्रीनवर स्वच्छ, मोठं आणि एकटं असतं. मुंबईच्या एलबीएस मार्गावर तेच चिन्ह झाडाच्या फांदीआड किंवा बेस्टच्या बसमागे असतं, आणि शेजारी आणखी तीन पाट्या. २१ वर्षं मी शिकाऊ लोकांच्या डाव्या बाजूला बसतोय. गिअर अडकल्याने घाबरणारे कमी, पाटी बघून गोंधळणारे जास्त.

कागद, एल पाटी, आरसे, सीटबेल्ट हे सगळं झालं असं धरून चालतो.

आधी आकार बघा, चित्र नंतर. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध राहा, चौकोन म्हणजे माहिती. गोलाला लाल कडं असेल तर 'करू नका', सगळा गोल निळा असेल तर 'हेच करा'. मोबाइलवर चित्रं पाठ करणारे इथेच आपटतात, कारण उजवीकडे वळलेला बाण तिन्हीकडे सापडतो. त्रिकोणात तो पुढे वळण आहे एवढंच सांगतो, निळ्या गोलात उजवीकडेच वळायला लावतो आणि लाल कड्यात तिरकी रेघ खाऊन वळण बंद करतो.

दोन पाट्या मात्र वेगळ्या लक्षात ठेवा. निळ्या गोलावर लाल कडं आणि एक तिरकी रेघ असेल तर गाडी उभी करून जायचं नाही. माणूस उतरवून निघता येतं. रेघांची फुली असेल तर तेवढंही नाही. 'दोनच मिनिटं थांबतो हो' हे मुंबईचं वाक्य फुलीखाली चालत नाही. दुसरी पाटी म्हणजे लाल कड्याचा कोरा पांढरा गोल. चित्र पुसलं गेलंय असं समजून लोक सरळ आत घुसतात. पुसलेलं काही नाही, दोन्ही दिशांनी वाहनांना बंदी आहे.

स्टॉप लाइनवर थांबताना रेघ बॉनेटच्या पुढे दिसत असतानाच गाडी उभी राहिली पाहिजे. दिसेनाशी झाली की तुम्ही पुढे गेलात. रेघच उडालेली असेल तर झेब्राच्या आधी थांबा, झेब्राही उडाला असेल तर सिग्नलच्या खांबाआधी. चौकातल्या पिवळ्या जाळीत पलीकडे जागा दिसल्याशिवाय शिरू नका.

आता खरी अडचण. पाटी एक सांगते आणि रस्ता दुसरंच.

माझ्या टेस्टला आरटीओचे साहेब म्हणाले, "पुढे राइट घ्या." चौकात रस्त्यावर उजवीकडचा पांढरा बाण ठळक होता. मी इंडिकेटर दिला, आरसा बघितला, सुंदर वळलो आणि नापास झालो. उजवं वळण बंद असल्याची पाटी कोपऱ्यावर होती. कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर तिच्यावर अर्धा आला होता आणि लाल कड्याची खालची चंद्रकोर तेवढी बाहेर राहिली होती. साहेबांनी मुद्दाम सांगितलं की सहज, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तेव्हापासून मी एकच क्रम शिकवतो: पोलिसाचा हात, मग सिग्नल, मग पाटी, सगळ्यात शेवटी रस्त्यावरचा रंग. रंग सगळ्यात खोटारडा. वाहतूक फिरवली की जुन्या बाणावर काळा रंग मारतात. पावसाळ्याने तो काळा रंग निघतो आणि खालचा बाण पुन्हा वर येतो. ओल्या रस्त्यावर तर दोन्ही बाण चमकतात. जुना ओळखायची खूण सांगतो: त्याच्या कडा खाल्लेल्या असतात आणि तो कुठे पोचत नाही. पट्टा असेल तर मध्येच बॅरिकेडखाली किंवा दुभाजकात घुसतो. नवा पट्टा जाड, थोडा उठलेला असतो, त्यातले काचेचे मणी हेडलाइटमध्ये लुकलुकतात आणि तो चौकापर्यंत सलग जातो.

आणि साहेबांनी सांगितलेलं वळण पाटीला धरून नसेल तर तोंड उघडा. "साहेब, इथे राइट बंद आहे, पुढच्या चौकातून घेतो." एवढंच. 'साहेब सांगतील तेच करायचं' असं सांगणारे क्लासवाले मी बरेच पाहिलेत; मलाही अशाच एकाने शिकवलं होतं. पाटी मोडायला साहेबांनी सांगितलं, ही सबब चलानच्या वेळी चालत नाही, मग टेस्टला का चालावी?

चुकीच्या लेनमध्ये सापडलात तर चौकाजवळची अखंड रेघ ओलांडून शेजारी घुसू नका. बाण नेईल तिकडे जा आणि वळसा घालून या. रस्ता चुकणं हा परीक्षेचा विषय नाही, रेघ ओलांडणं आहे. जोड रेघांमध्ये एक तुटक आणि एक अखंड असेल तर तुमच्या बाजूची कोणती तेवढंच बघा. तुटक असेल तर समोर मोकळं असताना ओलांडता येते.

लुकलुकणारा पिवळा सिग्नल म्हणजे हळू आणि जपून. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबून, बघून, मग जायचं. नुसतं हळू करून भागत नाही.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. मी त्यातल्या दोन संध्याकाळी त्याच चौकात जाऊन उभा राहिलो आणि उजवीकडे वळणाऱ्या गाड्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी बॅनर उतरला होता, तरी लोक वळतच होते.