थकवा, चहा आणि शेवटची पंगत

स्वतःची काळजी घे, असं सगळेच सांगतात. त्यात नेमकं करायचं काय, हे मला रक्ताच्या रिपोर्टनं सांगितलं. जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोळे मिटायचे. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईला निदान १२ तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवल्यावर लगेच चहा घेता का?" चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही म्हणे.

चहा तासभर पुढे ढकलला. गोळी लिंबू सरबताबरोबर, कारण सी जीवनसत्त्वामुळे लोह नीट शोषलं जातं. दुधाबरोबर मात्र घ्यायची नाही. पालेभाजी लोखंडी कढईत, वरून लिंबू. (भाजी काळपट दिसते, घरचे नाकं मुरडतात. मुरडोत!) थंडीत ओला नारळ आणि गूळ घालून अळिवाचे लाडू.

खरी कटकट होती जेवणाच्या वेळेची. सगळ्यांना तव्यावरची पोळी वाढून मी शेवटी ओट्याशी उभ्यानंच जेवायचे. तोवर भाजी संपलेली; उरलेल्या रश्शात पोळी बुडवायची आणि आवरायला लागायचं. आता पोळ्या आधीच करून डब्यात ठेवते आणि सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसते. सासूबाई आधी म्हणाल्या, "पोळ्या गार होतात गं." हल्ली भाजी माझ्या ताटात त्याच आधी वाढतात.

पुढच्या तपासणीत आकडा ११.८ आला. गोळ्या अजून चालू आहेत.