सिंगापूरला उपचारांसाठी येताय? हातातली पिशवी आधी भरा

उपचारांसाठी इथे येणारी नात्यातली, ओळखीतली मंडळी बहुतेक आमच्याकडेच उतरतात. माझ्या मोठ्या दिरांचं रेडिएशन चालू होतं, तेव्हा तर आमचं घरच हॉस्पिटलच्या वेळापत्रकावर चालायचं. निघणाऱ्या प्रत्येकाला मी फोनवर एकच सांगते: कपड्यांची बॅग आदल्या रात्री भरली तरी चालेल, पण हातातल्या पिशवीची तयारी महिनाभर आधी सुरू करा. बॅग हरवली तर कपडे इथेही मिळतात. पिशवी हरवली तर उपचार लांबतात.

सुरुवात नावापासून करा. पासपोर्टवर एक नाव, जुन्या रिपोर्टवर माहेरचं आडनाव, सोनोग्राफीवर नुसतं 'सौ. सुमन' आणि बायोप्सीवर वडिलांचं नाव गाळलेलं, असं आपल्याकडे सर्रास असतं. इथे सगळी नोंदणी पासपोर्टवरच्या नावाने होते. त्यामुळे सगळे रिपोर्ट समोर पसरून बसा आणि ज्यांवर नाव वेगळं आहे ते त्या लॅबकडून दुरुस्त करून घ्या. ते जमत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

सीटी, एमआरआय आणि पेट स्कॅनची नुसती फिल्म किंवा छापील रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनची मूळ सीडी मागा, ती घरच्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. कॅन्सरचा पेशंट असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (काढलेला तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात ते ठोकळे) दोन्ही हवेत. इथले डॉक्टर बहुधा आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पुन्हा तपासून घेतात, आणि पुढची एखादी चाचणी करायची झाली तर ब्लॉकच लागतो. हॉस्पिटलकडून ब्लॉक मिळायला अर्ज आणि फेऱ्या लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. मेण आहे, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

औषधांबाबत मी फार कडक आहे. भारतातली ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना माहीत असतीलच असं नाही. म्हणून एका कागदावर प्रत्येक गोळीचं मूळ औषध, डोस आणि वेळ इंग्रजीत टाइप करून त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. इकोस्प्रिनपुढे ॲस्पिरिन, थायरोनॉर्मपुढे लेव्होथायरॉक्सिन, असं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डबीत सुट्ट्या नकोत. मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेंटानिलचे पॅच इथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाच्या (एचएसए) परवानगीशिवाय आणायचे नाहीत, मग प्रिस्क्रिप्शन असलं तरी. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांनाही परवानगी लागू शकते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर यादी आहे. तिच्यावरून प्रत्येक नाव तपासा आणि तिकीट काढलं की लगेच अर्ज करा. इन्सुलिन हातातच ठेवा, सामानात गेलं तर गोठून निकामी होऊ शकतं. इथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे, म्हणजे घरी सकाळी ८ ला घेतलेली गोळी इथे साडेदहाला येते. वेळा कशा सरकवायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. साखरही इथे वेगळ्या एककात मोजतात: आपली १८० ती इथली १०. आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'गाठ आहे, काढायची आहे' एवढंच सांगून विमानात बसवलं जातं. इथे डॉक्टर पेशंटशी थेट बोलतात, आजाराचं नाव घेतात आणि समजावून सांगून पेशंटचीच सही घेतात. परक्या देशात, परक्या भाषेत, अनोळखी माणसाच्या तोंडून ते पहिल्यांदा कळणं मी पाहिलं आहे, आणि ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. घरी, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत आधी सांगा.

पेशंटला मराठीच येत असेल तर एक तक्ता करा. एका बाजूला मोठ्या देवनागरी अक्षरांत दुखतंय, मळमळतंय, चक्कर येते, लघवीला जायचंय, थंडी वाजते, तहान लागली. समोर त्याचं इंग्रजी. रात्री सोबतचं माणूस जवळ नसेल तेव्हा बोट ठेवलं तरी नर्सला कळतं. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हे सांगायची सवयही घरीच करून घ्या. आपली माणसं 'थोडंसं' म्हणतात आणि सोसत राहतात.

खाऊ आणा, पण खसखस अजिबात नको. इथे तिला बंदी आहे. त्यामुळे अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच राहू दे. तंबाखू, गुटखा, मिश्रीही चालत नाही. आजींची मिश्रीची डबी कनवटीला असते, ती निघताना आठवणीने काढून ठेवा. भाजी, डाळी, पीठ सगळं लिटल इंडिया या इथल्या भारतीय वस्तीत मिळतं. बाहेर उकडतं, पण हॉस्पिटलात एसी बोचतो, तेव्हा शाल, पायमोजे आणि पुढून उघडणारे सुती गाऊन घ्या. चौकोनी तीन पिनांचा प्लग अडॅप्टरही लागेल.

राहण्यासाठी कुणाचा फ्लॅट आठवड्याच्या बोलीने घेऊ नका. खासगी घर इथे तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणं बेकायदा आहे. हॉटेल किंवा परवान्याचं सर्व्हिस अपार्टमेंट बघा.

पैशांचं थोडक्यात सांगते. खर्चाचा लेखी अंदाज मागा आणि त्यात ९ टक्के जीएसटी धरला आहे का ते विचारा. भारतातून वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात. उपचार त्याहून महाग असेल तर हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकावर जास्तही पाठवता येतात. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपुढे बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतलेला कर, कापते, तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो. पावत्या जपा.

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. डोळ्यात गॅस भरून शस्त्रक्रिया झाली असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. पोटाच्या, छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही दिवस मोजावे लागतात, आणि विमान कंपनी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म मागू शकते. डॉक्टरांना विचारून पायांत घट्ट मोजे घाला, व्हीलचेअर दोन दिवस आधी सांगून ठेवा. डिस्चार्ज कार्डाबरोबर तुमच्या गावच्या डॉक्टरांच्या नावाने सविस्तर पत्र, नवे स्कॅन आणि परत घेतलेले ब्लॉक पिशवीत आहेत याची खात्री करा. गुडघा, पेसमेकर किंवा स्टेंट बसवला असेल तर त्याचं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर आधी तेच विचारतील.