कूलरमधली काळी मळी

जळगावला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला ‘काळे यीस्ट’ (यीस्टसारख्या सुट्या पेशींनी वाढणाऱ्या काळ्या बुरशी) हा विषय घेतला आणि अमळनेरजवळच्या आमच्या गावात बातमी पसरली की, पोरगं डोळे काढायला लावणाऱ्या बुरशीवर काम करतंय. 2021 च्या ‘ब्लॅक फंगस’ची धास्ती अजून ताजी होती. पण तो आजार म्युकर नावाच्या बुरशीचा, आणि म्युकरचे तंतू मुळात काळे नसतातच. ते रुंद आणि बिनरंगी असतात. काळं दिसतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस. या विषयात येणाऱ्याने आधी ही गल्लत डोक्यातून काढावी.

खरोखरच्या काळ्या बुरशींच्या पेशीभित्तीतच मेलॅनिन असतं. ऊन, उष्णता, कोरडेपणा यांना ते ढाल म्हणून चालतं, आणि शरीरात शिरल्यावर पांढऱ्या पेशींच्या माऱ्यालाही. तापल्या दगडावर तगणाऱ्या कुळातलीच एखादी माणसाच्या कातडीखाली का तगते, ते यावरून कळतं. भातावरच्या करप्याला फवारतात ते ट्रायसायक्लाझोल बुरशी वाढवायच्या माध्यमात घातलं तर यातल्या बऱ्याच बुरशी काळ्या होत नाहीत, तांबूस-तपकिरी राहतात. मेलॅनिन तयार होण्याची वाटच अडते. पहिल्यांदा ती प्लेट पाहिली तेव्हा मला चुकीची बुरशी लावली असंच वाटलं होतं.

नमुन्यांसाठी जंगलात जायची गरज पडली नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, कूलर दिवसरात्र चालतो आणि टाकीच्या कडेला बुळबुळीत काळी मळी धरते. मी ती कापसाच्या बोळ्यानं खरवडून निर्जंतुक बाटलीत भरत होतो. आई म्हणाली, “हाई घान डबीमा काबर भरस रे?” उत्तर देता आलं नाही. एक्झोफियाला डर्माटिटायडिस ही यातलीच एक काळी यीस्ट परदेशात भांडी धुण्याच्या यंत्रांत आणि वाफेच्या न्हाणीघरांत सापडते, हे वाचलं होतं. ओल आणि ऊब एकत्र असलेली आमच्या घरातली जागा कूलरच.

तिसऱ्याच दिवशी प्लेटवर शेवाळी-काळ्या मखमली वसाहती आल्या. मी मित्रांना चहा पाजला. सरांनी प्लेट उजेडात धरली, म्हणाले, “हे हवेतलं क्लॅडोस्पोरियम आहे, चहाचे पैसे परत घे.” काळे यीस्ट सावकाश येतात, दोन ते चार आठवडे. सुरुवातीला ते पुरते काळेही नसतात, मळकट, ओलसर, कधी डांबराच्या थेंबासारखे चकचकीत. तंतू नंतर फुटतात. मग सरांनी सांगितलेली युक्ती केली: क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखणारं प्रतिजैविक) घातलेल्या प्लेट्सचा एक संच 37 अंशांवर ठेवला. क्लॅडोस्पोरियम तिथं सहसा वाढत नाही, त्यामुळं निम्मी गर्दी आपोआप कमी होते. प्लेट पॅराफिल्मनं (ताणून चिकटणाऱ्या मेणचट पट्टीनं) गुंडाळा, नाहीतर तीन आठवड्यांत आगर वाळून पापड होतो. आणि वर ठळक अक्षरात ‘टाकू नये’ लिहा. माझा पहिला संच सातव्या दिवशी सफाईत गेला. दोष माझाच, नुसती तारीख लिहिली होती.

स्लाइडचं वेगळंच. सवयीनं लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू हा निळा रंग टाकला आणि सगळं निळं दिसलं. ज्या तपकिरी रंगासाठी एवढा खटाटोप, तोच झाकला गेला. साध्या केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) किंवा लॅक्टिक ॲसिडमध्ये बघा, रंग स्वतःचा स्वतः दिसतो. क्रोमोब्लास्टोमायकोसिस या काळ्या बुरशींच्या त्वचारोगात कातडीच्या खरवडीत तर आडवे-उभे पडदे असलेल्या तपकिरी गोल पेशी दिसतात, तांब्याच्या जुन्या पैशांसारख्या. हा आजार काटा टोचून, मातीतून, अनवाणी शेतमजुरांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये त्याला दुर्लक्षित आजारांत घेतलं. वर्षानुवर्षं वाढणारा चामखिळीसारखा चट्टा, म्हणून लोक चामखीळच समजतात.

आता थोडं घाबरवतो. क्लॅडोफियालोफोरा बँटियाना ही काळी बुरशी मेंदूत गळू करते आणि निम्म्याहून जास्त रुग्ण दगावतात. प्लेटवर ती नवख्याला त्या क्लॅडोस्पोरियमसारखीच वाटू शकते. म्हणून रुग्णाच्या नमुन्यातली कुठलीही शेवाळी-काळी वसाहत बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. आडवी हवा सोडणारं लॅमिनार चालणार नाही, ते प्लेटवरची हवा थेट तुमच्या तोंडावर फेकतं. आणि वास घेऊन बुरशी ओळखणाऱ्या सीनियरपासून लांब बसा.

नुसत्या सूक्ष्मदर्शकावर जातीचं नाव लिहू नका. एक्झोफियालाच्या जाती दिसायला इतक्या सारख्या की आयटीएस सिक्वेन्सिंगशिवाय (बुरशीच्या डीएनएचा ठराविक तुकडा वाचल्याशिवाय) मीही छातीठोक सांगत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि रोगकारक बुरशींचा चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेमध्ये. ओळख पटवायला, जाती जपून ठेवायला या दोन नावांची ओळख लवकर करून घ्या.

माझ्या कूलरमधली एक वसाहत 40 अंशांवरही वाढली. सिक्वेन्स आला, एक्झोफियाला डर्माटिटायडिस. घरी फोन करून टाकी ब्लिचनं घासायला सांगितली. आई म्हणाली, ती दर आठवड्याला घासतेच, मीच मागच्या सुट्टीत नमुना पाहिजे म्हणून घासू दिली नव्हती.