नवे साहेब आणि पहिला मेमो: या चुका टाळा

पुण्याजवळच्या भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा साच्यात दाबून भाग बनवतात त्या विभागात, मी शिफ्ट सुपरवायझर झालो, तेव्हा हाताखाली २२ माणसं होती आणि त्यातली निम्मी माझ्यापेक्षा वयाने मोठी. एक ऑपरेटर सारखा उशिरा यायचा. कधी पंधरा मिनिटं, कधी पंचवीस. नवीन आहोत, कशाला वाईटपणा घ्या, म्हणून मी दोन महिने गप्प बसलो. मग एका दुपारी पाळी बदलताना, हजेरीच्या पंचिंग मशीनपाशी, सगळ्यांसमोर त्याला झाप झाप झापला. तो एवढंच म्हणाला, "साहेब, दोन महिने चाललं. आजच काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्या पाळीचं उत्पादन चांगलंच घसरलं, आणि मशीन तर एकही बंद पडलेलं नव्हतं.

साठवून ठेवणं

नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक हीच. पहिल्यांदा डोळेझाक केली की समोरच्याच्या हिशोबी ती परवानगी होते. पुढे तुम्ही ओरडता, तेव्हा त्याला आपली चूक दिसत नाही, साहेबांचा मूड दिसतो. म्हणून उशीर झाला त्याच दिवशी, बाजूला घेऊन, एका वाक्यात विचारा: "आज तीनच्या ऐवजी तीन वीस झाले, काय झालं?" आणि मग तोंड बंद ठेवा. हे दुसरं जास्त अवघड जातं.

विचारण्याआधी हजेरीपट बघा. मी तो नंतर बघितला. हा माणूस फक्त दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात उशिरा यायचा. त्याची बायको दुसऱ्या एका कंपनीत पहिल्या पाळीला. ती घरी पोहोचेपर्यंत लहान पोराला सोडून त्याला निघता येत नव्हतं. दोन महिने हे कागदावर माझ्यासमोर होतं. अर्थात प्रत्येक उशिरामागे अशी गोष्ट नसते. काही जण सकाळी रिक्षा चालवून येतात आणि मशीनवर डुलक्या काढतात. पण कोण कुठल्या प्रकारातला, हे ओरडण्याआधी कळलेलं बरं.

'उद्धट', 'वारंवार' आणि असले शब्द

माझा पहिला मेमो, म्हणजे लेखी जाब विचारणारा कागद, असा होता: "आपले वर्तन बेशिस्तीचे असून आपण वारंवार उशिरा येता व वरिष्ठांशी उद्धटपणे बोलता." लिहिताना मला तो फार कडक वाटला होता. एचआरमधल्या मॅडमनी एकदा वाचून परत दिला. "वारंवार म्हणजे किती वेळा? उद्धट म्हणजे तो काय बोलला?" उद्या चार्जशीट (आरोपपत्र) झाली, डोमेस्टिक इन्क्वायरी (कंपनीची अंतर्गत चौकशी) बसली, तर समोरच्याचा प्रतिनिधी पहिले हेच दोन प्रश्न विचारणार.

दुसऱ्या वेळी लिहिलं ते असं: "दि. ९, ११ व १४ जुलै रोजी दुपारी ३:०० च्या पाळीसाठी आपण अनुक्रमे ३:२५, ३:४० व ३:३० वाजता पंचिंग केले. दि. ११ रोजी विचारणा केली असता आपण 'जा, काय करायचं ते करा' असे म्हणालात. ४८ तासांत लेखी खुलासा द्यावा." यात ठपका ठेवणारं एकही विशेषण नाही. माणूस शिवी देऊन बोलला असेल तर शिवीही जशीच्या तशी लिहायची. तिथे टिंबं देण्याचा सोज्वळपणा इन्क्वायरीत तुमच्याच अंगलट येतो. आणि मेमो त्याला वाचता येईल अशा भाषेत हवा. बिहारहून आलेल्या पोराच्या हातात इंग्रजी कागद देऊन सही घेतली, तर ती सही कसली?

मेमो घेतच नाही, मग?

हमखास घडतं. हुज्जत घालू नका, कागद त्याच्या खिशात कोंबू नका. दोन साक्षीदारांसमोर मेमो वाचून दाखवा, त्यावर "घेण्यास नकार दिला" असं तारीख-वेळेसह लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. साक्षीदारांत निदान एक तरी शॉप फ्लोअरवरचा असावा. एक प्रत पोस्टाने घरच्या पत्त्यावर जाऊ द्या.

आपल्या मनाच्या शिक्षा

ओटी (ओव्हरटाइम) बंद, पगारातून पाचशे कापा, दिवसभर टूल रूमबाहेर उभा कर. हे सगळं मी पाहिलंय, थोडं केलंही आहे. पण दंडाला कायद्याची वेस आहे: एका पगाराच्या मुदतीत वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. चौकशी होईपर्यंत निलंबित केलं, तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन द्यावं लागतं. पुढे चौकशी रेंगाळली आणि त्यात कामगाराचा दोष नसला तर ७५ टक्के. हे आकडे सुपरवायझरला माहीत हवेत, कारण रागात सगळे "सस्पेंड करतो" म्हणतात आणि तो अधिकार त्यांच्याकडे नसतो.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "उद्यापासून येऊ नकोस." व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर आणखीच. लेबर कोर्टात त्याचं नाव 'बेकायदा कामावरून काढणं' होतं आणि मूळची चूक बाजूला पडते.

माणूस दारू पिऊन आला असेल तर वाद घालायचाच नाही. आधी मशीनपासून लांब करा, मग डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. नुसता "वास येत होता" हा पुरावा फार तोकडा पडतो. आणि त्याला त्याच्या बाइकवर एकट्याला घरी पाठवू नका.

बाईमाणसाच्या लैंगिक छळाची तक्रार आली तर चहा पाजून मिटवायला जाऊ नका. ते तुमचं काम नाही, २०१३ च्या कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीचं आहे.

डाय सेटरला कोण बोलणार?

डाय सेटर म्हणजे प्रेसवर डाय (साचा) बसवणारा कारागीर. प्रत्येक शॉपमध्ये एक असा असतोच. तो गेला तर डाय कोण बसवणार, म्हणून त्याचे खाडे माफ आणि हेल्परला दहा मिनिटांसाठी मेमो. हे सगळ्यांना दिसतं, युनियनच्या कमिटी मेंबरला तर तारखांसकट पाठ असतं. यावर मेमो हे औषध नाही. दुसरा माणूस डाय बसवायला शिकवून तयार करा. पहिल्याशी बोलण्याची हिंमत आपोआप येते.

त्या ऑपरेटरची दुसरी पाळी मी बदलून दिली. त्यानंतरही त्याच्या नावापुढे दोनदा लाल शेरा पडला. एकदा पावसाने रस्ता तुंबला होता. दुसऱ्यांदा झोप लागली, असं त्याने स्वतःच सांगितलं. त्या दुसऱ्या उशिराचा मेमो मी दिला. त्याने वाचला, तारीख बरोबर आहे का ते पाहिलं, आणि सही करून मशीनवर गेला.